विकत घेतलेलं रुखवत

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हाताला पेन्सिलीपेक्षा लाटण्याचीच सवय जास्त झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी खाली घसरतील. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कोणाच्या हाती लागलंच तर हसू नये. मला चार माणसांत बोलता येत नाही, तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. कागदापुढे तेवढी भीती वाटत नाही.

मुलाने मला २०११ साली न्यूझीलंडला आणलं. तो इथे शिकायला आला, मग गोदामात सुपरवायझर झाला. लग्न केलं, नात झाली. सून बँकेत कामाला जाणारी, तेव्हा नातीला सांभाळायला मी. मी संगमनेरची. तिथे आमच्या आळीत कोणाकडे लग्न ठरलं की रुखवतासाठी मला बोलवायचे. सुपारीचे भटजी, खारकांची बैलगाडी, खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेला मोर, साखरेची भातुकली. येताना मी सुपाऱ्या आणि खारका बांधून आणल्या होत्या. विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी हातमोजे घालून त्या सगळ्या पिंपात टाकल्या. "सॉरी डिअर," म्हणाल्या. मला वाटलं, चला, हे संपलं.

संपलं नाही. ऑकलंडच्या अवोन्डेल भागात आमच्या भाड्याच्या घराजवळ रविवारचा बाजार भरतो. तिथे मला टरफलासकटची मॅकाडॅमियाची बी मिळाली. सुपारीपेक्षा थोडी मोठी, गोल, तपकिरी. तिला शेंडी चिकटवली, चिंधीचं उपरणं गुंडाळलं, की भटजी तयार. थोडे जाडे भटजी. सुनेने फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना पाठवला आणि मग ऑकलंडमधल्या आपल्या लोकांच्या लग्नाची रुखवतं माझ्याकडे यायला लागली. पैसे कोणी देत नसे, मी घेतही नसे. साडी मिळायची, ओटी भरायचे. रुखवत मुलीने केलं असं सांगायचं असतं, करणारीचं नाव कोणी घेत नाही. तीच रीत आहे आणि मला ती सोयीची होती.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुना लाकडी हॉल होता. पूर्वी तिथे म्हातारी माणसं हाउझी, म्हणजे आकड्यांचा तंबोला, खेळायची, बाकी वेळ तो भाड्याने मिळायचा. मग तिथे नगरपालिकेच्या एका समितीने एक फ्रेंच गृहस्थ नेमले. साठीच्या आसपासचे, उंच, नेहमी एकच निळा स्वेटर. आम्ही त्यांना फ्रेंच साहेब म्हणायचो. त्यांनी आल्यावर हाउझी बंद केली नाही, पण बाकीच्या दिवशी दारं उघडी ठेवली. टोंगा बेटांवरच्या बायका येऊन जमिनीवर बसून चटया विणायच्या. चिनी आजोबा कुंचल्याने अक्षरं काढायचे. कोणीही काहीही केलं की साहेब पहिला प्रश्न विचारायचे, हे कोणी केलं? आणि त्या माणसाचं नाव भिंतीवर लावायचे.

ते लेखकही होते. त्यांची पुस्तकं फ्रेंचमध्ये होती, ती आम्ही कुठली वाचणार. पण इथल्या फुकट वाटल्या जाणाऱ्या पेपरात ते दर महिन्याला इंग्रजीत एक लेख लिहायचे. एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या डेअरीबद्दल लिहिलं. डेअरी म्हणजे दूध-पावाचं छोटं दुकान. तिथला गुजराती भाऊ दुकानाच्या पाट्या स्वतः रंगवायचा. रोज आम्ही त्या पाट्यांखालून जायचो, वर कोणी मान करून बघितलं नव्हतं. लेख आल्यावर लोक थांबून बघायला लागले. त्या भावाने कात्रण दुधाच्या फ्रिजवर चिकटवलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या पाट्या नव्याने रंगवल्या. आमच्या भागात अशी पुष्कळ माणसं निघाली. त्यांच्या हातात काहीतरी होतं आणि साहेबांनी विचारेपर्यंत त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

माझी त्यांची गाठ एका लग्नात पडली. हॉल भाड्याने घेतला होता. मी नेहमीसारखी मागे स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. साहेब कुलूप-किल्ली बघायला आले आणि रुखवताच्या टेबलाजवळच थांबले. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं?

"माय डॉटर," मुलीची आई म्हणाली.

मुलगी शालू सावरत स्टेजवर बसली होती. साहेब थेट तिच्याकडे गेले आणि बैलगाडीचं चाक फिरतं कसं ते विचारायला लागले. तिने आईकडे बघितलं, आईने स्वयंपाकघराकडे बघितलं. मुलाकडची एक आत्या मोठ्याने म्हणाली, "अहो विहीणबाई, सांगून टाका काकूंनी केलं म्हणून! तुमच्या लेकीला साधा कांदा चिरता येत नाही, हे आम्हाला साखरपुड्यातच कळलंय." सगळे हसले. मुलीची आईसुद्धा हसली, काय करणार.

साहेब आत आले. मी पदराला हात पुसले आणि भिंतीला टेकले. त्यांनी सगळ्यांना काकू म्हणताना ऐकलं होतं, त्यांना ते माझं नावच वाटलं. "मिसेस काकू," म्हणाले आणि मान लववली. पुढे कायम मिसेस काकूच. कोणी दुरुस्त केलं नाही. मलाही बरं वाटलं. खरं नाव कळलं असतं तर ते भिंतीवर लागलं असतं.

थोड्या दिवसांनी ते घरी आले. सून मध्ये बसून सांगत होती. त्यांना हॉलमध्ये रुखवत मांडायचं होतं, नुसतंच, लग्नाशिवाय.

मी सुनेला म्हटलं, "लग्न नाही तर रुखवत कसलं? नवरी कोण?"

तिने विचारलं. साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "हॉल."

"आणि मुलाकडचे कोण?"

"जे बघायला येतील ते सगळे."

मला फार हसू आलं. परक्या माणसासमोर मी इतकी कधी हसले नव्हते. मग त्यांनी पुढचं सांगितलं. हॉल हे रुखवत विकत घेणार, वस्तू कायमच्या तिथेच राहणार, काचेच्या कपाटात. मी म्हटलं, तिथेच राहणार हे बरोबर, रुखवत कधी माहेरी परत येत नाही. पण पैसे नकोत. रुखवताचे पैसे घेत नाहीत.

साहेबांचा चेहरा बदलला. सून म्हणाली, "आई, ते म्हणतात करणाऱ्याला पैसे मिळाले नाहीत तर ते मांडणारच नाहीत. टोंगाच्या बायकांनाही देतात, चिनी आजोबांनाही देतात. त्याशिवाय लोक ह्याला काम समजत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे."

मी म्हटलं, मग मंडळाला द्या. ते त्यांनी मान्य केलं. समितीच्या निधीतून अडीच हजार डॉलर मंडळाच्या खात्यात आले. मंडळाने त्यातून गणपतीसाठी मोठे स्पीकर घेतले. त्यात गैर काही नव्हतं, पैसे मंडळाचेच होते.

रुखवत करायला मला हिवाळाभर लागला. मंडळाच्या चार-पाच बायका शनिवारी मदतीला यायच्या. साखरेचं वृंदावन केलं, तांदळाने मढवलेलं सूप केलं, पाच परातींत पाच तऱ्हेचे लाडू. भिंतीवर मराठीत आणि इंग्रजीत नावं लागली. माझं मिसेस काकू असंच लागलं. मी त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची. येणारे लोक वाकून वाकून बघायचे, चाक फिरवून बघायचे. एक माओरी आजी रोज यायच्या, "किया ओरा" असा नमस्कार करायच्या आणि बराच वेळ भटजींसमोर बसायच्या. माझ्या आयुष्यात तेवढे दिवस असे गेले की सकाळी उठल्यावर कुठेतरी जायचं आहे असं वाटायचं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आम्ही हळदीकुंकू ठेवलं होतं. साहेबांना समितीच्या बैठकीला शहरात जावं लागलं. हॉल माणसांनी भरला होता. लाडू द्यायचेच होते, ते दिले. मग मंडळाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "काकू, आता बाकीचं? मुलाकडच्यांना द्यायचं ना?" त्या पुण्याच्या, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, पण नऊवारी नेसल्या होत्या आणि खुशीत होत्या. मीही खुशीत होते. येतील ते सगळे मुलाकडचे, असं साहेबच म्हणाले होते. काचेचं कपाट माझ्या लक्षात होतं, नव्हतं असं नाही. पण ते कपाट अजून आलं नव्हतं आणि समोर बायका उभ्या होत्या. कुंकू लावून हळदीकुंकवाच्या बाईला रिकामी पाठवायची कशी? मी पहिला भटजी त्या माओरी आजींच्या हातावर ठेवला. मग बैलगाडी गेली, सूप गेलं, वृंदावन मुलांनी तिथेच फोडून खाल्लं. टोंगाच्या बायकांनी खोबऱ्याचे मोर नेले. टेबलावर नुसती चादर उरली.

साहेब आले तेव्हा आम्ही झाडत होतो. ते चादरीकडे बघत राहिले.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी सांगितलं, "दिलं. मुलाकडच्यांना."

"सगळं?"

"सगळं. कस्टम आहे आमची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मोडक्या इंग्रजीत मी एवढंच म्हणाले की आमच्यात असंच असतं. त्यांचं इंग्रजीही फ्रेंच वळणाचं, सावकाश, म्हणून मला कळायचं. ते खुर्ची ओढून बसले आणि हसायला लागले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "मिसेस काकू, म्हणजे मी चुकीची गोष्ट विकत घेतली."

तेवढ्यावर राहिलं असतं. समितीतल्या कोणाला कपाट आठवलंही नसतं. पण ते लेखक होते ना. त्यांनी पुढच्या महिन्याच्या लेखात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. सुनेने वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की आपण जपून ठेवायला निघालो होतो आणि ह्या बायकांनी देऊन टाकायचं असतं हे दाखवलं, हॉलमध्ये आजवर झालेलं सगळ्यात चांगलं प्रदर्शन लोकांनी खाऊन टाकलं. सुनेचे डोळे भरून आले होते. माझेही. लेख फार सुंदर होता आणि त्याच लेखाने घात केला.

पेपरात पत्रं आली. लोकांच्या कराच्या पैशाचे लाडू खाल्ले म्हणून कोणी लिहिलं. समितीने साहेबांना बोलावलं. कायमच्या संग्रहासाठी घेतलेल्या वस्तू संग्रहात नाहीत, तर पैसे परत करा. नाहीतर साहेबांचा करार संपतोय तो पुढे वाढवणार नाही. साहेब गेले तर हॉलची दारं पुन्हा बंद, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मंडळाची बैठक आमच्याच घरी झाली. मी चहा देत होते.

खजिनदार म्हणाले, "आपण काय पैसे खाल्ले का?"

"पैसे नाही, प्रदर्शन खाल्लं," कोणीतरी म्हणालं.

"विनोद नको. स्पीकर परत घेतील का?"

"बॉक्स फेकला की तुम्ही. आणि विसर्जनाला एक फुटलासुद्धा."

अध्यक्ष म्हणाल्या, "मुळात ते कॉन्ट्रॅक्ट त्यांचं आणि कमिटीचं. आपला संबंध काय? आपण पैसे दिले तर आपण चूक मान्य केली असं होईल. इथे आपली इमेज आहे."

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, बाकीचं वाटा म्हणून?"

"मी विचारलं. पहिला भटजी काकूंनी दिला."

मुलगा पटकन म्हणाला, "आई, तू आत जा. ह्यात पडू नकोस." मी कपबश्या घेऊन आत गेले. बोलायचं खूप होतं. कपबश्या दोनदा विसळल्या.

मंडळाने काही दिलं नाही. वर्गणी काढू असं ठरलं आणि पुढे कोणी विषय काढला नाही. साहेबांबद्दल सगळे चांगलंच बोलायचे. "ग्रेट माणूस," म्हणायचे.

मी पोळ्या करून विकायला लागले. शिकायला आलेली मुलं पोळ्या न्यायची, कोणाकडे वाढदिवस असला की पुरणपोळ्या. पैसे साठले की पाकिटात घालून हॉलवर नेऊन द्यायची. पहिल्यांदा साहेबांनी पाकीट परत माझ्या हातात ठेवलं. मी ते टेबलावर ठेवून निघून आले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतलं, चहा केला आणि आम्ही चहा प्यायलो. तेव्हा त्यांनी सांगितल्यावर मला कळलं की समितीला सगळे पैसे त्यांनी केव्हाच भरून टाकले होते, स्वतःचे. चटयांचा वर्ग बंद पडू नये म्हणून. म्हणजे माझी पाकिटं आता समितीकडे जात नव्हती, त्यांच्या खिशातून गेलेलं भरत होती. मी म्हटलं, तरी देणार.

पैसे भरूनही करार वाढला नाही. समितीने म्हणे आभाराचं चांगलं पत्र दिलं. निरोपाला मंडळाने तेच स्पीकर आणले, एकच वाजत होता. अध्यक्षांनी भाषण केलं, संस्कृतीचा पूल वगैरे. साहेब स्वेटरची बाही ओढत उभे होते. चिनी आजोबा आले होते, डेअरीवाला भाऊ आला होता. सगळ्यांना वाटत होतं की कोणीतरी काहीतरी करेल.

कोणी केलं नाही. चटयांच्या बायकांना भाडं परवडेना, त्या एका चर्चच्या गॅरेजमध्ये गेल्या. कुंचल्याचा वर्ग काही दिवस चालला आणि आजोबा गेल्यावर थांबला. हॉल वर्षभर कुलपात होता, मग पाडला. तिथे फ्लॅट उठले. डेअरी विकली गेली, नव्या मालकाने छापील पाट्या लावल्या. रस्त्याने जाताना आता कोणी थांबत नाही, आणि मीही नाही. लग्नात रुखवत असतं, पण ते पुण्याहून डब्यात आलेलं, दिव्यांचं, भाड्याने मिळणारं. मला बोलावणं येतं ते जेवायला.

साहेब आणखी थोडे दिवस एका खोलीत भाड्याने राहिले. मी पाकीट घेऊन जायची. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. एकदा त्यांनी मला दोनदा विचारलं, चहात साखर किती. एकदा दार उघडून नुसते उभे राहिले, आत या म्हणायचं राहून गेलं. लिहिता का, असं मी विचारलं तर टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर काही नव्हतं. मग त्यांची बहीण फ्रान्सहून येऊन त्यांना घेऊन गेली. मुलाने तिचा पत्ता आणि खातं लिहून घेतलं, माझ्या हट्टासाठी.

इकडे मुलाने हॅमिल्टन शहरात, रोटोटुनाला घर घेतलं. ऑकलंडमध्ये घर परवडत नव्हतं, हॅमिल्टनला कर्ज बसत होतं. घर नवं आहे, मोठं आहे. इथे माझं गिऱ्हाईक कोणी नाही, चालत जाता येईल असं काही नाही. नात शाळेतून येते, मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि खोलीत जाते. पोळ्या करायला ओळखीतून दोन घरं मिळाली. पैसे अगदी सावकाश साठायचे. मुलगा म्हणायचा, "आई, उरलेले मी भरतो, संपव." मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते त्याला सांगता आलं नाही. माझ्या हातून गेलं होतं, ते दुसऱ्याच्या हातून भरलं जात नाही, एवढंच मनात होतं.

बहिणीचं उत्तर एकदा आलं. मुलाने मशीनवर घालून मराठी केलं आणि वाचून दाखवलं. साहेब आता माणसं ओळखत नाहीत. न्यूझीलंड म्हटलं तर ऐकून घेतात. हे पैसे कशाचे ते तिला माहीत नाही, त्यांनाही सांगता येत नाही, कृपा करून पाठवू नका. मी मुलाला म्हटलं, तिला रुखवताचं सगळं लिही. त्याने लिहायला घेतलं. रुखवत म्हणजे काय इथेच तो अडला. दोन-तीनदा खोडलं. शेवटी "जुना हिशोब आहे" एवढंच लिहून पाठवलं.

मी पाठवत राहिले. मंडळात हे कोणाला माहीत नाही. सांगितलं तर सत्कार करतील, किंवा हसतील.

यंदा, २०१९ च्या हिवाळ्यात, शेवटचे जमले. रविवारी जेवण झाल्यावर मी नोटा मुलापुढे ठेवल्या. त्याने त्या मोजल्या नाहीत, खिशात घातल्या आणि स्वतःच्या खात्यातून तेवढे पाठवायला फोन काढला. सून भांडी मशीनमध्ये लावत होती, ती थांबली. मुलाने बटण दाबलं, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गेले, आई. सगळे फिटले."